पिनेपुरतं भोक

हां हां, मॅडम, ती करवत आधी बंद करा! तो दगड कापायचा नाही. कुणाचा ते मला विचारा — चाळीस वर्षं आमच्या काचेच्या कपाटात बसलाय, न ओळखायला मी काय आंधळा झालो? आमच्या म्हातारीनं आणून दिला ना? माझ्या पाठीमागं? आभाळातून पडलाय असं लिहून द्या म्हणाली असेल — मग द्या की लिहून! दोन ओळींना तुमचं काय जातंय? थांबा, मला बोलू द्या. कालची तुमची नोकरी. मी इथं दगड घासून घासून नखं झिजवली. चकती कापायची, काचेवर चिकटवायची, पूड-पाणी घालून घासायची, खालचं छापील अक्षर वाचता येईस्तोवर. अक्षराशी माझा संबंध तेवढाच, चौथीत शाळा सोडली. पण माझी एक काच जाड निघाली असेल तर दाखवा!

हा कापलात तर काय दिसेल, सांगू? बुडबुडे. आभाळातल्या दगडात कसले बुडबुडे! तिथं खसखशीएवढे गोल दाणे, एकमेकांना खेटलेले, आणि मायक्रोस्कोपखाली काच फिरवली की निळा म्हणेस्तोवर जांभळा. हा? हा मागच्या लोखंडाच्या भट्टीतला मळ! — मला कसं ठाऊक? मीच उचलला म्हणून! लग्न ठरलेलं, खिसा फाटका, मुलीला द्यायचं काय? म्हटलं, घे, तुझ्यासाठी तारा पडला. तर म्हणते, तुमच्या भिंगातून दाखवा. आली का पंचाईत! आणली तिला इथं, आणि साहेबांच्या कपाटातली खऱ्या उल्केची काच लावली. म्हटलं, बघ, तुझाच. डोळा काढेना. नुसतं अगं बाई, अगं बाई. तेव्हापासून या दगडाला रोज फडकं. पाहुणा आला की आधी दगड, मग पाणी. बुडाला भोक आहे ना, त्यात केसातली पिन खोवते. आता तुम्ही तिला मळ म्हणून सांगणार? या वयात मला घराबाहेर काढेल ती!

काय? हा तुम्ही कापतच नव्हता? करवत दुसऱ्या दगडासाठी? मग आधी बोलायचं! — बरं, नाही दिलं मी बोलू. पण मग तिला हवंय काय?

काय म्हणाली? पुन्हा सांगा. ‘माझ्या दगडात पिन मावते, आणि यांनी दाखवलेल्या काचेत एक भोक नाही’ — म्हणजे त्याच दिवशी? त्याच दिवशी कळलं, आणि चाळीस वर्षं पाहुण्यांना तारा दाखवते? बिलंदर बाई! आणि मी इथं घाम पुसतोय! — ती जुनी काच पुन्हा बघायचीय? परवा मी रिटायर होऊन इथून सुटलो की कोण दाखवणार म्हणून? मग मला सांगायचं, तुमच्याकडे कशाला... मला ओशाळं वाटेल म्हणून?

कुठाय ती? बाहेर बाकावर? केव्हापासून?

तो दिवा लावा. वरच्या खणात, डावीकडून तिसरी काच — राहू द्या, मी काढतो, तुम्ही फोडाल. आणि जा आता. कुठं म्हणजे? चहाला जा! जाताना तिला आत पाठवा.