उपाशी ठेवलेली बशी

आमच्या म्हाताऱ्याचं ऐका. गोठ्यातल्या जनावराला घातल्याबिगर ह्यो माणूस जेवत न्हाई. आमची नात पूजा परभणीला कॉलेजात शिकायलीय. सुट्टीत गावाकडं झरीला आली ती काचेच्या बशीत जिवाणू घेऊनच. मला म्हणली, "आजी, ह्यांला खाणं मुद्दाम कमी ठेवलंय. कॉम्प्युटरवर हिशेब लावलाय, भुकेनं ते झाडाच्या फांद्यावानी पसरतील. तसं झालं तरच सर माजं काम मानतील."

म्हाताऱ्यानं एवढंच ऐकलं, की जीव उपाशी हायत. जेवायच्या आधी बशीत गुळाचं पाणी सोडलं की! दुसऱ्या दिशी बघते तर फांद्या कुठल्या, नुसता गोल गोळा.

पूजा रडली न्हाई. "आबा, पोट भरलं की गोळाच व्हणार, हेबी हिशेबात व्हतं," म्हणली अन् नवी बशी मांडली. मी म्हाताऱ्याला दम दिला, "आता हात लावला तर तुमचं ताटबी असंच ठेवीन."

फांद्या आल्या, हुबेहूब कॉम्प्युटरातल्या चित्रावानी. पूजा नाचायली. म्हातारा बशीवर वाकून पूजाला म्हणला, "झालं न्हवं तुजं? मंग आता तरी वाढ की त्यांला."