केळीचा चीक आणि तिळाएवढं बटण

आईशपथ, यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे, एक वाक्य आहे.

फोपनार गावच्या केळीवाल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही माल विकायचं ॲप बनवत होतो. स्क्रीनचा कोड लिहून देणारी दोन टूल्स होती. मी म्हटलं, "दोन्हींचे स्क्रीन आधी शेतात नेऊन बघू." भागीदार सुधीर म्हणाला, "अरे यार, ही डिझाइन देख ना, किती नाजूक!" आणि एसीत बसूनच त्या टूलची निवड केली.

पहिल्याच दिवशी शेतकरी आप्पांचा माल कापून पडलेला, व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर उभा, आणि चिकाने माखलेल्या बोटांनी ते तिळाएवढं 'विका' बटण काही दबेना. ट्रक शेजारच्याचा माल भरून गेला.

वर सुधीर म्हणतो, "आप्पा, हात धुऊन दाबायचं ना!"

आप्पांनी मोबाइल त्याच्या अंगावर फेकला.

हेच ते खोटं वाक्य. आप्पा बिचारे खरंच हात धुवायला गेले होते. फेकला मी.