एकटीचा वर्ग आणि गावपळणीतली विहीर

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, प्राचार्य दत्तप्रसाद सर. व्यासपीठावर विराजमान संस्थेचे मान्यवर पदाधिकारी. मुंबईहून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या विनीताताई. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या रसायनशास्त्र विभागाच्या लिलियन मॅडम. त्यांना इतकी वर्षं न कुरकुरता स्कूटरवरून कॉलेजात पोचवणारे त्यांचे यजमान, सिप्रियन काका. सर्व प्राध्यापक, कर्मचारी, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझं नाव पुकारताना सूत्रसंचालक म्हणाले, ‘तृतीय वर्ष रसायनशास्त्राच्या वर्गातर्फे तेजस्वी दोन शब्द बोलेल.’ वर्गातर्फे! अहो, वर्ग म्हणजे मीच. अख्खा वर्ग तुमच्यासमोर उभा आहे. हसा, हसा. वर्षभर सगळे हसलेच आहेत.

दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघी होतो. पूजाला नर्सिंगला प्रवेश मिळाला, समीक्षा फार्मसीला गेली, आणि मी उरले. एका मुलीसाठी वर्ग चालवायचा का, असा प्रश्न कॉलेजपुढे आला. सर, तुमचंही बरोबरच होतं, रागावू नका. जवळच्या कॉलेजांतल्या जागा भरल्या होत्या, म्हणून मला मुंबईच्या कॉलेजात नाव घालायला सांगण्यात आलं. घरी सांगितलं, तर बाबा जेवणाच्या ताटावरून न उठता म्हणाले, ‘एकट्या चेडवाक मुंबयक धाडूचंय नाय. हय कॉलेज असला तर शिक, नायतर घराक रव.’ विषय संपला! म्हणजे वर्ग बंद झाला की माझं शिक्षण बंद, इतका सरळ हिशोब होता.

लिलियन मॅडम तेव्हा सरांना काय म्हणाल्या, ते मी केबिनच्या बाहेर उभी राहून ऐकलं. ऐकू नये, पण ऐकलं. त्या म्हणाल्या, ‘सर, माझं निवृत्तीचं वर्ष आहे. रिकाम्या बाकांना शिकवण्यापेक्षा एक मुलगी बरी. मी घेते वर्ग.’ आणि घेतला! खडूने फळा भरायच्या, प्रश्न विचारायच्या, ‘कोणी सांगेल का?’ म्हणून वर्गभर नजर फिरवायच्या आणि शेवटी ती माझ्यावर येऊन थांबायची. दुसरं कोण होतं तिथे? एका माणसासाठी इतकं जीव ओतून कोणी बोलू शकतं, याचं मला आजही नवल वाटतं. मुंबईत पैसे मोजूनही असं मिळालं नसतं.

माझा प्रकल्प होता आमच्या विहिरीच्या पाण्याचा. आमचं घर आचऱ्याला, खाडीपासून जवळ. आई रोज म्हणायची, ‘पाणी खारा लागता, डाळ शिजणा नाय.’ त्यावर बाबा म्हणायचे, ‘तुका सगळाच खारा लागता.’ हे भांडण मी प्रयोगशाळेत नेलं. पाण्यात पिवळा दर्शक घालायचा आणि वरून ब्युरेटच्या काचनळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. मीठ संपेपर्यंत पाणी पिवळंच राहतं, आणि संपलं की पुढचाच थेंब त्याला विटकरी करतो. एक थेंब, बस! जितके जास्त थेंब, तितकं मीठ जास्त. पाऊस गेला, बाबांनी नारळाच्या बागेसाठी पंप सुरू केला, आणि माझा आकडा चढायला लागला.

पण पंप खाडीचं पाणी विहिरीत ओढतो म्हणून हे खारेपण, की ते ऋतूचं, हे ठरवणार कसं? त्यासाठी पंप बंद ठेवायला हवा. नुसता आमचा नाही, आजूबाजूच्या सगळ्यांचे. मी बाबांना तसं सांगणार? छे! माझी काय छाती होती?

मार्गशीर्षात गावपळण आली. पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या आचऱ्यात तीन-चार वर्षांनी एकदा, रामेश्वराच्या हुकमाने, सगळा गाव घराला कुलूप लावून गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस गावात चिटपाखरू राहत नाही. मग देवाने कौल दिला की परत यायचं. मी मॅडमना म्हटलं, ‘मॅडम, तीन दिवस वर्ग नाही. गावपळण आहे.’

मला वाटलं, आता विज्ञान आणि अंधश्रद्धा यावर ऐकावं लागणार. पण मॅडमनी खडू खाली ठेवला. ‘तीन दिवस तुमच्या विहिरीतून कोणीच पाणी काढणार नाही?’

‘नाही.’

‘शेजारचे? सगळे पंप बंद?’

‘माणूसच नसेल, तर पंप कोण लावणार मॅडम?’

त्या खुर्चीत बसल्या. वर्गात मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, ‘अगं तेजस्वी, असा प्रयोग मागून मिळत नाही! तुझ्या देवाने तो मांडून दिलाय. आपण फक्त मोजायचं.’ त्यांचे डोळे भरून आले होते. तोवर मला रसायनशास्त्र आवडत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

निघायच्या सकाळी मी पाणी तपासून ठेवलं. चौथ्या दिवशी कौल झाला, गाव माघारी आला, तर आमच्या दारात सिप्रियन काकांची स्कूटर हजर! मागे मॅडम, कुशीत ब्युरेट, तान्ह्या पोराला धरावं तशी. आता अडचण अशी की पहिलं पाणी मला हवं होतं, आणि सगळ्यांचे घसे कोरडे. ज्यांच्याकडे विहीर नाही ते शेजारपाजारचे कळश्या घेऊन आमच्या विहिरीवर आले होते. ‘ढोरां तानेली आसत गो, सर बाजूक!’ असा ओरडा सुरू झाला. तेव्हा आई रहाटाला हात लावून उभी राहिली. ‘थांबा रे सगळे! आधी माझ्या चेडवाची बाटली भरांदे.’ माझी आई चारचौघांत कधी आवाज चढवत नाही. सगळ्यांनी कळश्या खाली ठेवल्या.

विहिरीच्या कठड्यावर मी थेंब सोडायला लागले. भोवती अर्धी वाडी. बाबा समोर, हाताची घडी घालून. मला वाटलं होतं, नेहमीसारखं बराच वेळ चालेल. आणि अचानक, मध्येच, पाणी विटकरी! नेहमीच्या कितीतरी आधी! मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. ‘पुन्हा कर,’ त्या म्हणाल्या. पुन्हा केलं, तेच. ‘अजून एकदा.’ लोक वैतागले, पण कोणी हललं नाही. तिसऱ्यांदाही तेच. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. तीन दिवस हात लावला नाही, तर विहीर आपली आपण गोडी होत होती, आणि ते मला दिसलं होतं. अंगावर काटा आला म्हणतात ना, तो आला.

‘काय इला?’ बाबांनी विचारलं.

मी मॅडमकडे वळले. तुम्हीच सांगा ना, म्हणून. मॅडम म्हणाल्या, ‘प्रयोग तुझा. निष्कर्ष तू सांग.’ मेले! ज्या माणसाच्या एका ‘नाय’वर माझं शिक्षण अडलं असतं, त्याच्या तोंडावर, अख्ख्या वाडीसमोर मला बोलायचं होतं. जीव मुठीत धरून म्हटलं, ‘बाबा, आई खरी आसा. पंपान खारा पाणी वर येता. आपलो पंप जास्त चलता.’

मॅडमनी लगेच जोडलं, ‘ही एकाच विहिरीची गोष्ट झाली, सगळ्या गावाची नाही.’ पण ते ऐकायला बाबा थांबले नव्हते. ते पंपाच्या पेटीकडे गेले, फ्यूज काढला, खिशात घातला आणि गुरांना पाणी पाजायला लागले. त्यानंतर आमचा पंप दिवसाआड चालतो. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही.

आता जे सांगणार आहे, ते मॅडमना ठाऊक नाही. आज सकाळी मी इकडे यायला निघाले, तर बाबांनी चहा घेता घेता विचारलं, ‘तुझ्या मॅडम आज सुटल्या. तू पुढे शिकतलंस तर खंय?’ मी घाबरतच म्हटलं, एम. एस्सी.ला मुंबईला जायचं मनात आहे. बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ‘माझ्या पंपाची चूक तू माझ्या तोंडार सांगलंस. मुंबयत तुका कोण काय करतलो? जा.’

ते तिथे मागे दाराजवळ उभे आहेत. खुर्ची दिली तरी बसत नाहीयेत.

सर, संस्थेचे पदाधिकारी, तुम्ही एका मुलीसाठी दिवे-पंखे चालू ठेवलेत, त्याबद्दल आभार. सिप्रियन काका, तुमच्या पेट्रोलचे आभार. बोलताना मध्येच मालवणी सुटली, मोठ्यांची थट्टा झाली, वेळही जास्त घेतला. ते सगळं पोरकटपणा म्हणून पोटात घाला. आणि मॅडम, तुम्ही वर्ग बंद होऊ दिला नाहीत. म्हणून तुमचा सगळा वर्ग मुंबईला चाललाय.