निळं पाणी, हिरवी बुरशी

जयवंता : हात दाखवा बरं तुमचे.

मनोहरराव : हातात काय पाह्यतं? जेवायले वाढ.

जयवंता : बोटं निळी कशानं झाली?

मनोहरराव : मोरचूद कालवला होता, चुन्यासोबत. पावसाच्या तोंडावर दरसाल कालवतो.

जयवंता : कोणत्या झाडांले टाकला?

मनोहरराव : विहिरीजवळच्या संत्र्यांले. डिंक गळून राहिला नं त्यांचा. बुडाशी बादली-बादली ओतलं.

जयवंता : बाप्पा. परवाच तं मी तिथं बुरशी घातली.

मनोहरराव : पाह्यली. हिरवीगार होती. म्हणूनच ओतलं. बुरशी दिसली की कोणी आरती करते काय?

जयवंता : ती चांगली बुरशी होती. आपल्या सूनबाईनं, दामिनीनं, पुडी आणली. मी शेणखतात मिसळली, गोठ्यात ओल्या पोत्याखाली वाढवली. दामिनी म्हणे, ही मुळाशी राह्यते अन् मुळं सडवणाऱ्या बुरशीले खाते.

मनोहरराव : खाते? तिले दात हायेत?

जयवंता : तुमच्याहून जास्तच असतीन.

मनोहरराव : अन् कोणती खायची, कोणती नाही, हे तिले कोण सांगते?

जयवंता : ते मलेही पुरं नाही समजलं. मोरचुदानं दोन्ही मरतात, एवढं समजलं.

मनोहरराव : पण तू अन् बुरशी पाळशील, हे नवलच हाय. लोणच्यावर एक ठिपका आला तं अख्खी बरणी उकिरड्यावर पालथी केली होती तू. माय हात धरत होती तरी.

जयवंता : दोन बरण्या. अन् ठिपका तुमच्या ओल्या चमच्यानं आला होता.

मनोहरराव : पिंटू पाळण्यात होता तेव्हा. किती जुनं काढतं.

जयवंता : चमचा अजून ओलाच घालता.

मनोहरराव : बरं. आता मेली तं मेली बुरशी.

जयवंता : पोळा झाला की कन्हानहून रुपराव येईल आरा घेऊन, ती ओळ कापायले. तुम्हीच बोलावलं त्याले. म्हटलं, तोवर झाडांनी जरा जीव धरला तं तुम्हाले दाखवीन.

मनोहरराव : ती ओळ गेलीच हाय वं. जळतण तरी होईल.

जयवंता : एक विचारू?

मनोहरराव : विचार.

जयवंता : तोडायच्या झाडांले कोणी औषध देते काय?

मनोहरराव : सवय हाय. दरसालची.

जयवंता : बाकी बाग कोरडी हाय. आत्ताच पाहून आली मी. नुसती तीच ओळ निळी हाय.

(मनोहरराव धुतलेले हात पुन्हा पुसत राहतात.)

मनोहरराव : पिंटूच्या बारशाच्या साली लावली ती ओळ.

जयवंता : अन् तो शाळेत जायले लागला तेव्हा पहिलं फळ आलं. तुम्ही सोललं, आंबट निघालं म्हणून मले दिलं.

मनोहरराव : गोड निघालं असतं तरी तुलेच दिलं असतं.

जयवंता : आता सांगून राहिले.

मनोहरराव : पुडी संपली?

जयवंता : अर्धी उरली हाय. पण मोरचुदानंतर काही आठवडे थांबा, म्हणे दामिनी. मग घालायची. अन् गुण दिसायले पुढचा बहार उजाडेल.

मनोहरराव : म्हणजे पोळ्यापर्यंत काहीच दिसणार नाही.

जयवंता : नाही दिसणार.

मनोहरराव : फोन दे इकडे.

जयवंता : जेवून घ्या आधी.

मनोहरराव : दे. ... हॅलो, रुपराव? मनोहरराव बोलतो. आरा घेऊन येऊ नको गा यंदा. ... नाही, दुसऱ्या कोणाले नाही देऊन राहिलो. ... काहून म्हणजे? आजारी हायेत गा ती झाडं.