कमलबाईंच्या पुस्तकातली माणसं जिंतूरचं बोलायची

मंडळी, सगळ्यांना जयभीम आणि नमस्कार.

मागं उभे आहात ते पुढं या, सतरंजी रिकामी आहे. पाथरीहून, पोखर्णीहून कमलबाईंचे विद्यार्थी त्यांच्या अंगणातल्या या शोकसभेला आलेत. कुणी एसटीनं, कुणी जीपनं. बरं वाटलं. मला बोला म्हणाले, म्हणून उभी राहिले. आम्ही दोघी एकाच शाळेत, शेजारच्या वर्गांवर होतो. मधे एक भिंत. त्यांचा आवाज माझ्या वर्गात यायचा आणि मी इकडून ओरडायचे, "बाई, हळू!" आज ओरडू तर कुणाला ओरडू?

त्यांच्या शिकवण्याबद्दल आत्ता सगळे बोलले. मी त्यांच्या वाचण्याबद्दल बोलणार आहे. निवृत्तीनंतर आम्ही वाचनालयातून एकच पुस्तक आणायचो आणि दोघी वाचायचो. वाचून झालं की कमलबाई "छान आहे", "बरं आहे" असं कधी म्हणायच्या नाहीत. सरळ भांडायला बसायच्या. माझ्याशी नाही हो, पुस्तकातल्या माणसांशी!

मध्यंतरी एक कादंबरी वाचली. पिठाची गिरणी चालवणाऱ्या दोन बहिणी. एकमेकींशी बोलत नाहीत, पण गिरणी एक, गिऱ्हाईक एक. मला त्यातली भाषा फार आवडली. उन्हाच्या तिरिपेत पीठ उडतं त्याचं काय सुंदर वर्णन केलंय, असं मी म्हणाले. कमलबाई म्हणाल्या, "पीठ राहू द्या बाई. इतकी पानं अबोला धरला अन् एका चहात गोड झाल्या? कामून? लिहिणाऱ्याला झोप आलती का?"

मी म्हणाले, अहो, माणसं भांडून थकतात.

"थकतेत. पण थकल्यावर गोड न्हाई होत, गप होतेत."

मी तो शेवट पुन्हा वाचला. त्यांचं खरं होतं. पिठाचं वर्णन मात्र सुंदरच आहे, त्यावर मी आजही हटणार नाही. आणि पुढं कधीतरी भाजीबाजारात भेटल्या तेव्हा मला काय विचारावं? "धाकटीच्या गुडघ्याचं काय झालं असंल हो?" मी म्हटलं, कोण धाकटी? शेजारची? तर ती गिरणीवाली! बाईंना खरीच काळजी लागलेली. मेथीची जुडी हातात तशीच.

मग एक आत्मकथन आणलं. वसतिगृहात राहून शिकलेला, मोठ्या हुद्द्यावर गेलेला माणूस. कमलबाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "साहेबाच्या खुर्चीवर आख्खं प्रकरण हाय. मायवर एक ओळ." मी तर भडकलेच होते. म्हटलं, असल्या लेकाला काय म्हणावं! तर या बाई म्हणाल्या, "लिहवलं नसंल हो त्याला. त्या एका ओळीपाशीच लय रडला असंल." मी त्या माणसाला बोल लावत होते आणि या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. अशा वाचायच्या त्या.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे एका निवृत्त नर्सबाईंच्या आठवणी. मी म्हणाले, ही बाई स्वतःला फार चांगली दाखवते. कमलबाई हसल्या. "सवताबद्दल लिहायचं तर माणूस केस विंचरूनच बसतंय. पण एका पानावर विंचरायचं विसरलीय ती. पेशंटवर वरडली, अन् मग कोठीच्या खोलीत जाऊन रडली. तेवढ्या पानासाठी बाकीची माफ करा." मी केली. मंडळी, त्या पानानंतर मला ती नर्स खरंच आवडायला लागली.

आता भाऊजींबद्दल बोलते. भाऊजी, बोलू ना? कमलबाईंचे यजमान हे इथं पुढंच बसलेत. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की कमलबाई त्यांना वाचून दाखवायच्या. एकदा मी अचानक गेले. दारातच थांबले. म्हटलं, हे कुठलं पुस्तक? पुस्तक माझंही वाचून झालेलं; त्यात छापलेलं, "त्या रात्री मी अत्यंत खिन्न होते." आणि या वाचत होत्या, "त्या राती मला काईच गोड लागंना बघा."

मी भाषेची शिक्षिका. मला राहवतंय होय! मी त्यांना स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हटलं, लिहिणारी कुठली, पात्रं कुठली, आणि तुम्ही सगळ्यांना तुमच्या जिंतूरचं बोलायला लावता? असं मोडतोड करून वाचतात का?

"त्यायला घरात बसवायचं तर घरचं बोलू द्या की," म्हणाल्या.

आणि याचा परिणाम काय झाला माहितेय? भाऊजींना वाटायचं, महाराष्ट्रातले सगळे लिहिणारे आपल्याच जिल्ह्यातले! हसू नका, खरंच. एकदा मला म्हणाले, "बाई, समदीच पुस्तकं परभणीची माणसं लिहितेत का वो? लय मोठं काम चाललंय आपल्याकडं." मी तोंड उघडणार, तोच कमलबाईंनी मागून चिमटा काढला.

मग त्या आजारी पडून दवाखान्यात भरती झाल्या. परभणीला. नर्सबाईंचं पुस्तक भाऊजींना अर्धं वाचून झालेलं. मला म्हणाल्या, "तेवढं चालू ठेवा. त्यांची दुपार जात न्हाई." मी आले, खुर्ची ओढली, छापलंय तसं स्वच्छ, शुद्ध वाचायला लागले. भाऊजी ऐकत राहिले आणि मधेच म्हणाले, "बाई, हे पुस्तक ते न्हाई. ती शिस्टर असं बोलत न्हाई."

मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी कव्हर चाचपलं, फाटलेला कोपरा सापडला. म्हणाले, "पुस्तक तेच हाय. मग ऱ्हाऊ द्या. ती आली की वाचंल."

हे मी दवाखान्यात सांगितलं, तर कमलबाई हसून हसून खोकायला लागल्या. म्हणाल्या, "तुमचं माहेर पोखर्णीचं. तिथलं बोला की!" मी म्हटलं, एवढी वर्षं शुद्धलेखन तपासून जिभेवरनं गेलं ते सगळं. त्या म्हणाल्या, "जात न्हाई वो कुठं." तेच आमचं शेवटचं बोलणं.

मंडळी, माझी मैत्रीण गेली. मला तिच्याशिवाय पुस्तक उघडवत नाही. आता कुणाशी भांडू?

पण आज सकाळी भाऊजींकडं गेले, नर्सबाईंचं ते पुस्तक घेऊन. भाऊजी मला म्हणाले, "बाई, घेऊन जा ते. ती जिथं थांबली तिथंच मी बी थांबतो. तिला कुठं पुढचं म्हाईत हाय? तिला मागं टाकून मी एकटा कसा पुढं जाऊ?" मला तिथं उत्तर देता आलं नाही. पदर तोंडाला लावून बाहेर आले.

आता देते. सगळ्यांदेखत देते. कमलबाई, रागावू नका, तुमचं गुपित फोडायलेय.

अवो भाऊजी, तिला समदं म्हाईत व्हतं! तुमाला वाचून दाखवायच्या आदी दर पुस्तक ती सवता वाचून काढायची. आन् मग तुमच्यापुढं बसून, "अगं बया, आता काय व्हतंय!" करायची. सोंग व्हतं ते! मी इचारलं, कामून असं करता? तं म्हन्ली, "त्यायला वाटाया नगं, की मी त्यायची सेवा करायलेय. दोघं मिळून वाचायलाव, असं वाटू द्या." नर्सबाईचं पुस्तक तिनं शेवटापत्तुर वाचलंय. वाचून रडलीय, नाक पुसत मला सांगितलंय. ती मागं न्हाई ऱ्हायली, भाऊजी. ती कवाच पुढं गेलीय. मधीच बसून ऱ्हायलाव ते तुमी.

उद्या जेवणं झाली की मी येते. जमंल तसं वाचीन. नको असलं तर दार लावून घ्या. मी वाजवीन.

मंडळी, आता उभं राहू या. भाऊजी, तुम्ही बसा. कुणी काही बोलू नका. या वेळेला कमलबाईंच्या घरातून वाचण्याचा आवाज यायचा. आज तो येत नाही, तेवढं सगळे मिळून ऐकू या.

कमलबाई, जयभीम.