उलट्या फियाटमधली पाठवणी

दारव्ह्याच्या जीपमध्ये मी सोमवारचा जप करत होते. पुढच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते.

"अवो, उद्या आपल्या वर्षाची पाठवणी, अन् तुमची जुनी फियाट अजून मांगंच धावते!"

"घरी खोलून जोडली ना. एक पुर्जा उलटा बसला. आता एक गिअर पुढं, चार मांगं."

"मंग पोरगी सासरी उलटी जाईन?"

"जाईन तं सुसाट!"

"लोकं हासतीन. अन् निंगालेल्या नवरीनं मांगं वळून पायू नये, ठाऊक हाये ना?"

"वळते कायले? समोरच्या काचातून सरळ पाह्यलं, का आपलंच घर दिसते. पार फाट्यापर्यंत."

पुढचं गाव येऊन गेलं. माझी माळ थांबली होती.

"अवो... तो पुर्जा सुलटा नोका करू."