सासऱ्याच्या कांद्यांनी गाडी टेकवली

आमच्या सुनीलचं ऐका. पोरगी बघायला जायचं म्हनून माझ्या ह्या लेकानं रोजच्या गाडीच्या स्प्रिंगा बदलून गाडी पार खाली बसवली. मी म्हनलं, "गाडी केली का घोरपड?"

"आबा, तुमाला न्हाई कळायचं."

कोल्हारला पोरगी पसंत पडली. निघताना तिच्या बापानं खुशीत कांद्याची दोन पोती आनली. "पावनं, डिकी उघडा."

सुनील माझ्या कानात म्हनला, "नको म्हना, गाडी घासंल."

"सासरा तुझा हाय, तूच म्हन."

त्याची काय टाप! घरापर्यंत दर गतिरोधकाला बूड खरडत आलो.

सकाळीच सुनील गॅरेजात. मेस्तरीनं इचारलं, "आता किती उंच ठिवू?"

"सासऱ्यानं तिसरं पोतं दिलं तरी टेकनार न्हाई, येवढी."